होडीत उभं राहू नये

वैभववाडी,
ता. ८ जानेवारी १९५६

काशीराम,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची पद्धत आहे. तुझ्या घरची खुशाली विचारायला मला तोंड नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

सत्यवानाच्या तेराव्याला मी नव्हतो. वाडी त्यावरून बोलली असेल. बोलू दे, वाडीच्या तोंडाला कोण हात लावणार? बदलीचा हुकूम आला आणि दोन दिवसांत मला इथे घाटाखाली हजर व्हावं लागलं. अर्ज मी दिवाळीतच केला होता. पोर गेलं आणि मास्तर पळाला, असं कोणी म्हणत असेल तर त्याला हे सांग.

काल बाजाराला आपल्या वाडीचा दाजी सुकी मासळी घेऊन आला होता. त्याला मी हौसेने चहा पाजायला नेलं आणि त्याने जे सांगितलं ते ऐकून माझा कप तसाच राहिला. "मास्तरानू, काशीरामान महादूच्या पायार वल्हां घातल्यान. दोनदा घातल्यान. दुसऱ्या खेपेक हाड मोडल्याचो आवाज आमी आयकलो." सोळा वर्षांचा तुझा थोरला मुलगा. आता तो म्हणे वाळूत पालथ्या होडीखाली झोपतो आणि यमुनावहिनी तुझी नजर चुकवून त्याला पेज नेऊन देतात.

अरे, एक मुलगा त्या पोर्तुगीज पाखल्यांच्या गोळीने गेला. दुसऱ्याला तू वल्ह्याने मारणार आहेस काय?

वाडीचं म्हणणं मी बैठकीत ऐकलं होतं. तू तापाने निजला होतास म्हणून त्या सकाळी दोघे भाऊच जाळं काढायला खाडीच्या तोंडाशी गेले. धुकं होतं. पाखल्यांची लाँच धुक्यातून आली, हाक आली, मग गोळ्या आल्या. होडी किनाऱ्याला लागली तेव्हा सत्यवानाच्या गळ्यातून गोळी आरपार गेली होती आणि महादू त्याच्याखाली तळाला पडलेला, अंगावर ओरखडा नाही. महादू सांगत राहिला, "तो आपसून उभो रवलो. मी तेचो सदरो ओढलंय, सदरो हातात इलो." कोणी ऐकलं नाही. कारण आपल्या किनाऱ्यावर दूधपितं पोरसुद्धा जाणतं की होडीत उभं राहू नये. मासेमाऱ्याचं नऊ वर्षांचं पोर बंदुकीसमोर होडीत उभं राहतं, हे कोणाला पटणार? म्हणजे महादूनेच त्याला पुढे उभा धरला आणि आपण त्याच्या आडोशाला लपला. वाडीने एवढा हिशेब केला आणि तू वल्हं उचललंस.

तुझा लहानपणापासूनचा मित्र म्हणून सांगतो, रागाला थोडा आवर घाल. पोर कधी कधी भीतीनेही उठतं.

माझ्याबद्दल म्हणशील तर मी फक्त चार वाक्यं शिकवली. तीही माझ्या हौसेने नव्हे. त्रेपन्न साली वाऱ्याने तुझी होडी पलीकडे गोव्याच्या हद्दीत गेली, पाखल्यांनी तुला दोन दिवस चौकीत ठेवलं आणि एका प्रश्नाचं उत्तर देता येईना म्हणून बंदुकीच्या दस्त्याने तुझे पुढचे दात पाडले. तोंडाला पंचा लावून तू माझ्या ओटीवर आलास, पंचा लाल झाला होता, आणि म्हणालास, "शिरपाद, माझी जीभ आता जून झाली. पण पोरांक शिकव. पाखलो इचारीत तेवा होडयेत एक तरी तोंड उघडाक व्हया." वाडीत पोर्तुगीज येणारा मी एकटा. मामाकडे म्हापशाला राहून दोन इयत्ता त्यांच्या शाळेत काढलेल्या. म्हणून शाळा सुटल्यावर तासभर मी बारा पोरं बसवली, आणि प्रत्येक होडीवर शाळेतलं एक पोर न्यायचं हे तुम्हीच ठरवलंत. मी नाही.

एक काम कर. शाळेच्या माळ्यावर नकाशांच्या मागे एक लाल रंगाची लाकडी वस्तू राहिली आहे. ती चुलीत घाल. कोणाला दाखवू नकोस, उगाच मुलांच्या हाती लागायची.

श्रीपाद


वैभववाडी,
ता. २७ मे १९५६

काशीराम,

पाच महिन्यांत तुझी एक ओळ नाही. तू तिसरीपर्यंत शिकलास, तुझ्या मुलीला, बाबलीला, तर मी स्वतः लिहायला शिकवलं. तेव्हा अक्षर येत नाही ही सबब चालणार नाही.

दाजी सांगतो, शिमग्यात महादू होळीपाशी आला तर तू कोयता घेऊन त्याच्या मागे धावलास. लंगडत कितीसा पळणार तो? अर्धा कान गेला. लोकांनी तुला धरलं म्हणून मान राहिली. आणि पुढे काय, तर बायका त्याच्या अंगावर थुंकतात आणि पोरं शेण मारतात. त्यातली दोन पोरं माझ्या वर्गातली आहेत. त्यांची नावं दाजीने घेतली तेव्हा मी मान खाली घातली.

मी तुला पहिल्या पत्रात एक खोटं लिहिलं. बदलीचा अर्ज मी दिवाळीत केला नव्हता. सत्यवान गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याची चिता विझली नव्हती तेव्हा केला. वैभववाडीला यायला कोणी मास्तर राजी नव्हता म्हणून स्कूलबोर्डाने तो आठवड्यात मंजूर केला. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगाच नाही.

बैठकीत तुम्ही मला विचारलंत ते आठवतं ना? देवळाच्या पायरीवर मी बसलो होतो. दाजीने विचारलं, "मास्तरानू, पोर तुमच्या हाताखालचा. तो असो उभो रवात काय?" महादू समोर हात बांधून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. दाजीकडे नाही, तुझ्याकडे नाही, माझ्याकडेच. मी म्हणालो, "मला काय ठाऊक? मी भाषा शिकवली. होडीतलं तुम्ही जाणा." आणि तू उठून वल्हं आणायला गेलास. पुढचं बघायला मी थांबलो नाही, घरी निघून गेलो.

शिस्त मी लावली, ते नाकारत नाही. छडीशिवाय विद्या नाही, हे मी म्हापशाला शिकलो. आमचा तिथला मास्तर उंच, पांढऱ्या मिशांचा, रविवारी चर्चमध्येसुद्धा बूट वाजवत जाणारा. कोणी कोकणीत शब्द काढला की हात पुढे. त्याच्याकडे एक वस्तू असे, तिला पालमातोर म्हणतात. लाकडाची गोल चकती, तिला दांडा, आणि चकतीत पाच भोकं. ती तळहातावर बसली की कातडी भोकांत ओढली जाते आणि पाच फोड उठतात. रात्री मामी हाताला खोबरेल लावायची आणि मी पोर्तुगीज क्रियापदं म्हणायचो. एकदा मी त्याला बसल्या जागेवरून उत्तर दिलं. तेव्हा त्याने मला इतकं मारलं की सात दिवस मला घास तोंडात घालता आला नाही, मामी भरवायची. पण काशीराम, त्यानंतर मी कधी बसून उत्तर दिलं नाही. आजही साहेब वर्गात आला की मी ताडकन उठतो, गुडघे दुखत असले तरी.

हे तुला का लिहितो आहे ते माझं मलाच कळत नाही. पत्र फाडणार होतो, पण टपालात टाकतो.

महादू खरं बोलत असेल असं नुसतं समजून तर बघ. बाबलीला विचार. नको, तिला विचारू नकोस. लहान आहे ती.

श्रीपाद


वैभववाडी,
ता. १२ फेब्रुवारी १९५७

काशीराम,

अक्षर वाकडं आहे. उजवा तळहात सुजला आहे आणि टाक धरायलाही त्रास होतो आहे. कारण वाचशीलच.

काल शाळा सुटली, मुलं गेली, मी हजेरीपट बांधत होतो. दारात काठीचा आवाज आला. महादू. मी त्याला ओळखलंच नाही आधी. दाढी उगवली आहे, एक कान अर्धा, पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. कमरेला कोयता. मी टेबलामागे सरकलो, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, आटोपलं.

त्याने कोयता काढून खिडकीत ठेवला. मग पिशवीतून ती लाल वस्तू काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. माझी पालमातोर. तू ती चुलीत घातली नाहीस, तू माझं पत्रच वाचलं नाहीस. पण त्याने ती शाळेच्या माळ्यावरून शोधून काढली. सावंतवाडीला चितारआळीत मी ती करून घेतली होती. कारागिराला कागदावर चित्र काढून दिलं, त्याने खेळणं समजून तिच्यावर लाखेचा लाल रंग चढवला आणि कडेला पिवळी वेलबुट्टी काढली. भातुकलीतल्या पळीसारखी दिसते. वर्गात आणली त्या दिवशी पोरं आनंदाने हसली होती.

"मास्तरानू, हात फुडे करा," महादू म्हणाला.

मी म्हणालो, "महादू, मी तुझा गुरू आहे."

"व्हय. म्हणान तर इलंय." मग त्याने माझं मनगट धरलं. वल्ही मारणाऱ्याची पकड ती, सुटते थोडीच. "सत्याक तुमी बारा मारल्यात. बाबलीन मोजले. मी पण बारा मारतलंय. एक जास्ती नाय, एक कमी नाय."

त्याने बारा मारले. हळू नाही मारले. सहाव्याला मी ओरडलो, नवव्याला त्याची आई काढली, अकराव्याला रडलो. बारावा झाल्यावर त्याने पालमातोर खाली ठेवली, आपल्या पंच्याने माझा हात पुसला आणि म्हणाला, "आता लिवा. बापाशीक. माका तुमचा मरण नको. माका माझो बापूस व्हयो."

तेव्हा लिहितो.

मी फक्त चार वाक्यं शिकवली हे खोटं आहे. मी उभं राहायला शिकवलं. पाखल्याने "कें वें ला?" म्हणून हाक दिली, म्हणजे कोण आहे तिथे, की होडीतल्या पोराने ताठ उभं राहायचं, टाचा जुळवायच्या, हात मांड्यांना लावायचे, हनुवटी वर, आणि मग म्हणायचं, "सोमुश पेश्कादोरिश", आम्ही मासे मारणारे. बसून उत्तर देणारा चोर वाटतो, उभा राहणारा सभ्य वाटतो, असं माझं गणित. त्या पांढऱ्या मिशांच्या मास्तराने माझ्या कातडीवर लिहिलेलं गणित, दुसरं काय? शाळेमागे वाळूत दाजीची मोडकी होडी पडली होती. तिच्यात मी एकेकाला बसवायचो, दोन पोरं ती हलवायची आणि मी ओरडायचो, "कें वें ला?" जो उठणार नाही त्याला पालमातोर.

अकरा पोरं दोन दिवसांत उठायला लागली. तुझा सत्यवान उठेना. तो मला म्हणाला, "मास्तरानू, होडयेत उभां रवाचा नाय. बापूस मारतलो." मी म्हणालो, बापूस इथे नाही, मी आहे. पहिल्या चारांना तो बसूनच राहिला. आठव्याला त्याने होडीची कड धरली, हात सोडवून घेतला तर कडेला फोडांचं पाणी लागलेलं. मी थांबलो नाही. एवढंसं पोर माझ्या मास्तरकीला आव्हान देतं म्हणून मला चेव आला होता. बाराव्याला तो उठला. हलत्या होडीत ताठ उभा राहिला, डोळ्यांतून पाणी, हात मांड्यांना, आणि काय स्वच्छ उच्चार त्याचा. माझ्यापेक्षा चांगला. मी त्याला शाबास म्हणालो. त्याच्या खिशात मी एक खडीसाखरेचा खडा घातला. दुसऱ्या दिवसापासून हाक तोंडातून पुरती निघायच्या आत तो उठायचा.

त्या सकाळी धुक्यात तो तसाच उठला. माझ्या शिस्तीने उठला. त्यांना धुक्यातून ताडकन काहीतरी उंच उठलेलं दिसलं, आणि त्यांनी त्यावर गोळी घातली. महादू तळाला पडला, कारण तू त्याला लहानपणी तेच शिकवलंस. तुझं शिक्षण खरं ठरलं आणि तू त्यासाठीच त्याचा पाय मोडलास.

अजून एक आहे. तिसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे भेटायला आलो होतो. तू ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसला होतास. मी परड्यात गेलो. बाबली एकटीच विहिरीवर होती. ती म्हणाली, "मास्तरानू, तुमी सांगा ना बाबाक, सत्यो कशाक उभो रवलो ता." मी तिचं मनगट धरून पिळलं, ती खाली बसेपर्यंत पिळलं, आणि म्हणालो, हे कोणाला सांगशील तर तुझा बाप मला मारील आणि फाशी जाईल. मग उरलेल्या दहाही पोरांच्या घराकडे जाऊन तेच सांगून आलो. सगळी गप्प राहिली. शिकवलेलं पाठ करणारी गुणी पोरं होती ती.

हे मी शुद्धीवर लिहिलं आहे. महादूला घरी घे.

श्रीपाद


वैभववाडी,
ता. ३ एप्रिल १९५७

काशीराम,

काल दाजी आला. त्याने सांगितलं की बाबलीने तुला पत्र वाचून दाखवलं, सगळं, आणि तू ते तिच्या हातातून ओढून घेतलंस. "काशीराम म्हणता, मास्तराक महादून मारून लिवन घेतल्यान. अक्षर बघा, हात थरथरता. माझो झील मार खाऊन होडयेत उभो रवचो नाय." बाबली म्हणाली, बाबा, खरं आहे, मी मोजले होते. तर तू तिच्या थोबाडीत मारलीस, कारण ती भावाला वाचवायला खोटं बोलते. तिचा दात हलतो आहे म्हणे.

आता मी काय करू, सांग. खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली. खरं लिहिलं तर ते मार खाल्लेल्या हाताचं म्हणून नापास.

महादू इथेच आहे. परत जाऊन उपयोग नाही म्हणाला. इथल्या लाकडाच्या वखारीत ओंडके रचतो आणि माझ्या पडवीत झोपतो. माझ्याशी बोलत नाही. मी जेवण वाढतो, तो ताट उचलून बाहेर नेतो. एकदा मी त्याला विचारलं की पायाला तेल लावून देऊ का. त्याने नुसतं पाहिलं, मी बाटली ठेवून आत गेलो. गेल्या आठवड्यात त्याला ताप आला तेव्हा झोपेत ओरडत होता, "बस रे सत्या, बस खाली." भिंतीपलीकडे मी ऐकत होतो.

मेच्या सुट्टीत मी येतो. वाडीसमोर, तुझ्या तोंडावर सांगतो. तेव्हा तरी मारून वदवून घेतलेलं म्हणू नकोस.

श्रीपाद


वेंगुर्ले, दवाखाना,
ता. १९ ऑगस्ट १९५७

काशीराम,

हे डाव्या हाताने लिहितो आहे, सांभाळून वाच. उजवा कोपरापासून बांधला आहे.

मेमध्ये मी निघालो होतो. सावंतवाडीला एस.टी.तून उतरलो, तलावाच्या काठावर दोन तास बसलो आणि उलट गाडीने परत गेलो. भ्यालो. तुझ्या कोयत्याला नाही, त्या पोरांच्या तोंडांना भ्यालो. ती माझ्याकडे बघतील म्हणून.

मग म्हटलं, नारळी पौर्णिमेला अख्खी वाडी एका जागी असते, त्या दिवशी जायचं. महादूला म्हणालो, चल. तो आला, पण वाळूवर उतरला नाही, वर सुरूच्या झाडांत थांबला.

तू मला पाहिलंस आणि पाठ फिरवलीस. म्हणून सुरुवात तू पाहिली नाहीस, ती सांगतो. नारळ वाहून झाले होते. बायका वरच्या बाजूला, पुरुष होड्यांपाशी, आणि माझी जुनी पोरं पालथ्या होडीच्या सावलीत वाळूवर बसून खोबरं खात होती. अकराच्या अकरा. बारा-तेरा वर्षांची झाली आहेत. बाबलीही त्यांच्यात होती. मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या बोलण्याला आता कवडीची किंमत नाही. तेव्हा मी एवढंच केलं. मोठ्याने, जुन्या आवाजात ओरडलो, "कें वें ला?"

काशीराम, ती सगळी उठली. एकही बसून राहिलं नाही, सगळी. खोबरं हातातून पडलं, टाचा जुळल्या, हात मांड्यांना, हनुवटी वर. दोन वर्षं झाली होती मला त्यांना हात लावून. बाबली उठली. त्या शेण मारणाऱ्या दोघांपैकी एक उठला आणि उठल्या उठल्या रडायला लागला, पण हात खाली घेतले नाहीत. "सोमुश पेश्कादोरिश," अकरा तोंडांनी म्हटलं. यमुनावहिनींनी पदर तोंडात कोंबला.

तेव्हा तू वळलास. ती रांग पाहिलीस. सत्यवानाची जागा रिकामी होती, बाबलीच्या उजव्या हाताला. पोरांनी ती आपसूक सोडली होती, मी नव्हतं सांगितलं.

पुढचं तुझ्यापेक्षा मला कमी आठवतं. वल्हं आठवतं. पहिला फटका दंडावर, दुसरा कोपरावर, मग मी पडलो आणि तू वल्हं टाकून हातांनी मारायला लागलास. तू ओरडत होतास, "माझ्या झिलाक! माझ्या झिलाक!" मला कळेना कोणत्या मुलाबद्दल ओरडतो आहेस. मग कळलं, दोघांबद्दल. तुला धरायला कोणी पुढे आलं नाही. बरं झालं.

तुला मागून धरलं ते महादूने. सुरूंतून तो लंगडत आला आणि त्याने तुझ्या दोन्ही काखांत हात घालून तुला माझ्यावरून ओढलं. तू वळून पाहिलंस, आणि पुन्हा हात उगारलास. तो हात तसाच वर राहिला. एवढंच मी पाहिलं, मग दाजीने मला गाडीत घातलं.

इथे पोलीस आला होता. कोणी मारलं विचारलं. मी म्हणालो, खडकावरून घसरलो. त्याने लिहून घेतलं. मला खोटं बोलायची सवय आहे, पण हे पहिलंच, ज्याची मला लाज वाटली नाही. डॉक्टर म्हणतात, कोपर पुन्हा वळणार नाही. फळ्यावर लिहिता येणार नाही. मी राजीनामा पाठवला आहे. पालमातोर महादूने पाण्यात टाकली असं दाजी म्हणाला.

तुझ्याकडे क्षमा मागत नाही. एकच विचारतो. त्या दिवशी तो वर राहिलेला हात कुठे पडला? मला रोज तेवढंच दिसतं. महादू घरात आला का, एवढंच कळव.

श्रीपाद


(पोस्टकार्ड. अक्षर बाबलीचं.)

ता. १४ ऑक्टोबर १९५७

मास्तर,

बाबली लिवता, सांगतंय मी.

तुझी सगळी पत्रां हिणा परत वाचल्यान. पयली मी चुलीत घालूची म्हणत होतंय, हिणा तांदळाच्या मडक्यात लपवन ठेयल्यान.

तो हात महादूच्या खांद्यार पडलो. मारूक नाय. माका उभां रवाक येय ना झाला, म्हणान धरलंय.

महादू घराक आसा. तेचो पाय आता सरळ जावचो नाय. तो मी मोडलंय, तेचो दोष तुझ्यार घालूचो नाय.

तुझो हात मोडलो तेचा माका वायट वाटत नाय. तू हयसर परत येव नको. इलंस तर दुसरो पण मोडीन.

परवा वादळ सुटला म्हणान सगळ्यो होडयो परतत होत्यो. कस्टमच्या लाँचवरसून शिपायान हाक मारल्यान, आपल्याच भाषेत, येवा रे म्हणान. दाजीचो धाकटो झील, तुझ्या त्या अकरांतलो, आमच्या होडयेत होतो. तो सटकन उभो रवलो, हात मांडयेक लावन. लाटो केवढ्यो. महादून तेका कमरेक धरून खाली ओढल्यान आणि पोटाशी घेवन तळाक बसलो.

पोर म्हणी होता, सोड, बसतंय मी आता. काठ येयसर महादून तेका सोडल्यान नाय.

काशीराम